भिंतीवरचं काटवल

पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेले प्रेमानंद रामटेके फायलीची नुसती पाठ बघून आत कोणाचा अर्ज आहे ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगायचे. पण जुलैतल्या एका सकाळी प्रतापनगरातल्या आपल्या घराचं मागचं दार उघडून ते पायरीवर उभे राहिले, तेव्हा समोरच्या हिरव्या गर्दीत त्यांना नावानिशी ओळखू आला तो एकटा कढीपत्ता. बाकी सगळं छातीपर्यंत वाढलेलं, एकमेकांच्या गळ्यात पडलेलं आणि साफ अनोळखी होतं.

अंगण त्यांच्या बायकोचं, अंजनाबाईंचं. मागल्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या आणि सप्टेंबर संपता संपता गेल्या. त्यानंतर मागचं दार फारसं कोणी उघडलं नाही. उन्हाळ्यात सगळं वाळलं तेव्हा घरच्यांना वाटलं, आवरलं आपोआप. मग पाऊस लागला आणि जमिनीखाली जे कोणी दबा धरून बसलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

ह्या रानातून प्रेमानंदांना एकच वेल शोधायचा होता, काटवलाचा. पुण्याकडचे लोक त्याला करटुलं म्हणतात. भिवापूरजवळच्या माहेरून अंजनाबाईंनी त्याचे कंद फडक्यात बांधून आणले होते, हे घर बांधलं त्या वर्षी. कंद हिवाळा-उन्हाळा झोपून राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. सप्टेंबरच्या शेवटी अंजनाबाईंचा पहिला स्मृतिदिन होता. विहारातून भन्तेजी येणार, सूत्रपठण होणार, मग भोजनदान. त्या दिवशी ताटात अंजनाच्याच वेलाचं काटवल पडलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

अडचण एवढीच होती की त्यांना तो वेल ओळखता येत नव्हता. जन्मभर त्यांनी ती भाजी बोटं चाटून खाल्ली होती. कधी बेसन पेरून, कधी तेलावर कुरकुरीत परतून. ताटातलं काटवल त्यांनी डोळे मिटूनही ओळखलं असतं. पण त्याचं पान कसं असतं म्हणून कोणी विचारलं असतं, तर हिरवं असतं, ह्यापलीकडे त्यांची गाडी गेली नसती. ह्याची त्यांना आता मनापासून लाज वाटत होती.

मुलगा धम्मदीप मिहानमध्ये विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. पाळीवरून आला की त्याला पहिले मच्छर दिसायचे.

"बाबा, पाहा किती मच्छर होऊन राहिले. डेंगू होईन एखाद्याले. रविवारी ग्रास कटरवाल्याले बोलावलं मी. सगळं साफ करून टाकू."

"सगळं?"

"मंग काय ठेवायचं? ते गाजर गवत?"

"तुह्या आईचा काटवल हाय त्याच्यात."

"कुठी?"

ह्यावर प्रेमानंदांनी हाताने भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोघम दाखवलं. सरकारी नोकरीत असं दाखवणं चालून जायचं.

"अहो बाबा, काटवलच पायजे ना? कॉटन मार्केटातून दोन किलो आणून टाकतो. एवढं टेन्शन काहून घेऊन राहिले तुम्ही?"

"मार्केटातलं मार्केटातलं राह्यते. तुह्या आईच्या वेलाचं पायजे मले."

शेवटी तोड काढली ती सुनेने, दीप्तीने. रविवारपर्यंत बाबांनी जे ठेवायचं त्याला चिंधी बांधावी. चिंधी नसेल ते कापलं जाईल. अंजनाबाईंची एक विटकी निळी साडी होती, तिच्या तिने पट्ट्या फाडून दिल्या, आणि सासऱ्यांच्या मोबाईलमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅपही टाकून दिलं. झाडासमोर मोबाईल धरायचा, फोटो काढायचा, की नाव येतं.

ते अ‍ॅप मोठं सभ्य होतं. माहीत नाही, असं ते कधीच म्हणायचं नाही. चुकून स्वतःच्या चपलेचा फोटो निघाला तर तिलाही त्याने कुठल्याशा निवडुंगाचं नाव दिलं.

तरोटा, म्हणजे टाकळा, मात्र प्रेमानंदांनी अ‍ॅपच्या आधी ओळखला. लहानपणी पावसाळ्यात घरात दुसरं काही नसलं की आई कोवळा तरोटा खुडून आणायची आणि त्याचीच भाजी करायची. नोकरी लागल्यापासून त्यांनी तरोट्याचं नाव काढलं नव्हतं. तो बिचारा त्यांच्याच अंगणात कमरेएवढा होऊन उभा होता. ह्याच्या बिया भाजून कॉफी करतात, अशी माहिती अ‍ॅपने दिली. "आमच्या वक्ती नाई सांगतलं कोणी," ते मोबाईलला म्हणाले. आघाडा पायजम्याला चिकटला म्हणून कळला. गाजर गवत शिंकांवरून कळलं. इथवर त्यांना वाटलं, फायलीइतकंच सोपं आहे हे काम.

वेलांनी मात्र त्यांचा पार मामा केला. बदामी आकाराच्या पानांचा एक गुळवेल निघाला. पांढऱ्या फुलांचा एक रानतोंडलीचा. एकाचं पान चुरगाळलं तर असा वास सुटला की हात दोनदा धुवावा लागला. राहिला एक, मागच्या भिंतीलगत, कढीपत्त्याच्या आधाराने नुकता चढू लागलेला. त्याच्यापुढे मोबाईल धरला की अ‍ॅप म्हणायचं, काकडीच्या कुळातलं काहीतरी. पुन्हा धरला तर दुसरं नाव. प्रेमानंदांनी एक पान खिशात घालून चौकातल्या भाजीवालीकडे नेलं.

"हे काटवलाचं हाय का, बाई?"

तिने पान उलटंपालटं केलं आणि परत दिलं. "काका, आमी फळं इकतो, पानं नाई. काटवल जंगलातून येते. बोरीत भरून आलं की आमी पाहतो त्याले."

मग त्यांनी सरळ हिशोब केला. चुकून एक जास्त राहिला तर बिघडत नाही, चुकून तो एकच गेला तर सगळं गेलं. अंगणातल्या प्रत्येक वेलाला त्यांनी निळी चिंधी बांधली. अगदी त्या घाणेरड्या वासाच्या वेलालाही.

फक्त एका वेलाला बांधली नाही. तो मागच्या भिंतीवरून पलीकडून अलीकडे आला होता. चांगला दांडगा, भिंतीवर हातभर पसरून प्रेमानंदांच्या बाजूला लोंबत होता. पण तो हरकऱ्यांचा होता.

विश्वनाथ हरकरे महाल भागातलं जुनं घर भावांत वाटलं गेल्यावर इकडे राहायला आले. बँकेत होते, प्रेमानंदांनंतर वर्षभराने निवृत्त झाले. शेजार पहिल्यापासून चांगला होता. मग हरकऱ्यांनी गच्चीच्या पाण्याचा पाईप काढला, तो नेमका रामटेक्यांच्या अंगणाकडे तोंड करून. प्रेमानंदांनी टेप आणून भिंत मोजली आणि ती चार बोटं आपल्या जागेत असल्याचं जाहीर केलं. हरकऱ्यांनी आपला टेप आणला. त्यांच्या टेपाप्रमाणे ती चार बोटं त्यांच्या जागेत होती. पाईप तिथेच राहिला, भिंत तिथेच राहिली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. त्याला पाचेक वर्षं झाली होती. अंजनाबाई गेल्या त्या दिवशी हरकरे फाटकापाशी येऊन बराच वेळ उभे होते. आत आले नाहीत, कोणी या म्हटलं नाही, आणि मग ते दिसेनासे झाले.

रविवारी शालिकराम मशीन खांद्याला अडकवून आला. तासाभरात अंगणाची जमीन दिसू लागली. चिंध्या बांधलेले वेल त्याने नीट वगळले. मागच्या भिंतीपाशी येऊन त्याने मशीन बंद केली.

"भाऊ, हे वरतून लोंबून राहिलं, ह्याचं काय करू? ह्याचं पान तर तुमच्या ह्या चिंधीवाल्यासारखंच दिसून राहिलं."

प्रेमानंदांनी चष्मा पुसून पाहिलं. पान सारखंच होतं, ह्यात वाद नव्हता. आणि इथे, ज्या माणसाने एकच वेल वाचवण्यासाठी आठवडाभर चिखल तुडवला होता, त्याच्या अंगातला जुना कारकून जागा झाला.

"पान सारखं असंन, मालक सारखा नाई. आपल्या हद्दीत आलं ते काढून टाका."

शालिकरामने वेल दोन्ही हातांनी धरून ओढला. तो नुसता अलीकडचा आला नाही; पलीकडचाही सरसर भिंतीवरून घसरत आला आणि बुडापाशी तुटला. पलीकडच्या खिडकीत हरकरे उभे होते. त्यांनी खिडकी लावून घेतली, तेव्हा प्रेमानंदांना थोडं बरंही वाटलं.

ऑगस्ट लागला आणि कढीपत्त्याच्या आधाराने चढलेल्या वेलाला पिवळी फुलं आली. सकाळी पाहिलं तर ती मिटलेली होती, आणि प्रत्येक फुलाच्या मागे बोराच्या बीएवढं, काटेरी, हिरवं काहीतरी होतं. प्रेमानंद वाकले आणि वाकलेलेच राहिले. ते काटवल होतं. इवलंसं, पण नखशिखांत काटवल. इथे मात्र त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही.

"दीप्ती! धम्मदीप! अरे या इकडं, सापडला!"

बाकीच्या वेलांच्या चिंध्या त्यांनी त्याच दिवशी सोडल्या आणि ह्या एकाला बांबूचा मांडव घातला. रोज दोनदा ते येऊन बघू लागले. चौथ्या दिवशी पहिली इवलीशी काटवलं पिवळी पडली. मग गळाली. त्यांच्या मागून नवीन आली, तीही गळाली. त्यांनी शेणखत घातलं. चहाचा चोथा घातला. कोणीतरी ताक शिंपडायला सांगितलं, ते शिंपडलं. अ‍ॅपला गळालेलं फळ दाखवलं तर त्याने बुरशी म्हणून सांगितलं, म्हणून बुरशीचं औषध आणलं. वेल मस्त वाढत होता, मांडव भरून गेला होता, फुलांना तोटा नव्हता, आणि एक काटवल नखाहून मोठं होत नव्हतं. आता स्मृतिदिनाला महिनाभर राहिला होता आणि प्रेमानंदांची झोप उडाली होती. वेल सापडूनही भाजी मिळणार नसेल तर शोधला कशाला, असं त्यांचं त्यांनाच वाटू लागलं.

"बाबा, मी आणतो ना मार्केटातून," धम्मदीप म्हणाला. ह्या वेळी त्याने हळू म्हटलं होतं, पण प्रेमानंद उठून मागे निघून गेले.

दिवेलागणीची वेळ होती. झारी घेऊन ते वेलापाशी उभे होते. भिंतीपलीकडे बादली पालथी घातल्याचा आवाज झाला आणि यमुताई हरकऱ्यांचं डोकं भिंतीवर आलं.

"भाऊ, किती पाणी टाकाल? ते असं नाही लागत."

"मंग कसं लागते, वहिनी?"

"तुमचा वेल मादी आहे. काटवलात नर वेगळा असते आणि मादी वेगळी. नर आमच्या अंगणात होता." यमुताईंनी भिंतीचा मोकळा माथा दाखवला. "तुम्ही कापला."

प्रेमानंदांनी झारी खाली ठेवली.

यमुताईंनी मग सगळं सांगितलं. काटवलाची फुलं ह्याच वेळेला उमलतात. रोज दिवेलागणीला त्या पलीकडून नराचं फूल तोडून भिंतीवरून द्यायच्या आणि अलीकडे अंजनाबाई ते एकेका मादी फुलावर फिरवायच्या. एक फूल चार-पाच जणींना पुरायचं. गावात हे काम पाखरं करतात, इथं आपणच पाखरं, असं अंजनाबाई म्हणायच्या. काटवलं निघाली की अर्धी भिंतीवरून पलीकडे जायची. भांडण नवऱ्यांचं होतं, त्यात वेलाचा काय गुन्हा, असं त्या दोघींचं मत होतं.

"पण नर तुमच्याकडं आला कसा?"

"तुमच्याकडंच होता तो. तुम्ही रिटायर झाले ना, त्या साली तुम्ही अंगणाची साफसफाई केली होती."

ती साफसफाई प्रेमानंदांना आठवली. रिकामपणाच्या पहिल्या आठवड्यात त्यांना बागकामाचा झटका आला होता. दोन वेलांपैकी एक फळतो, दुसऱ्याला नुसती फुलं, हे त्यांनी अंजनाबाईंना स्वतः दाखवून दिलं होतं. हा वांझ वेल फुकट जागा अडवून राहिला, असं म्हणून त्यांनी तो कंदासकट उपटून फेकला होता. अंजनाबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या. त्या गप्प राहिल्या म्हणजे त्यांना पटलं, असा त्यांनी अर्थ लावला होता.

"त्याच दिवशी कंद घेऊन आल्या त्या माझ्याकडं," यमुताई म्हणाल्या. "म्हणाल्या, यमुताई, हा तुमच्याकडंच असू द्या. आमच्या घरी राह्यला तर आमचे हे पुन्हा उपटतीन."

प्रेमानंद पायरीवर बसले. रोज ह्या वेळेला ते समोरच्या खोलीत बातम्या लावून चहाची वाट बघायचे. अंजना, चहा, असं ओरडायचे. थांबा जरा, वेलाकडं पाहून येऊ द्या, असं मागून उत्तर यायचं. आणि ते दरवेळी म्हणायचे, वेल काय पळून जाते? यमुताईंसमोरच त्यांनी डोळे पुसले.

"फुटला आहे तो पुन्हा," यमुताई म्हणाल्या. "कंद जमिनीत शाबूत होता. गुडघ्याएवढा झाला. पण ह्यांनी उद्या माणूस बोलावला आहे. ती पूर्ण पट्टी सिमेंट करून टाकायची म्हणतात, म्हणजे रामटेक्यांची कटकट नको."

"तुम्ही सांगा ना त्यायले."

"काय सांगू? ज्यांच्याशी बोलत नाही त्यांच्या वेलाची भाजी इतके वर्षं खाऊन राहिले, हे सांगू? ह्यांना वाटते मी बाजारातून आणते. नाही, भाऊ. हे आता तुम्ही बोला."

भिंतीवरून पाहिलं तर दोन घरं लागून होती. फाटकातून जायचं म्हटलं तर चांगलं लांब पडतं. प्रेमानंदांनी सदरा बदलला, चपला घातल्या, आपल्या फाटकातून बाहेर पडले आणि हरकऱ्यांच्या फाटकापाशी येऊन थांबले. मागच्या वर्षी हरकरे असेच त्यांच्या फाटकापाशी थांबले होते. त्यांनी आत जाऊन घंटी वाजवली.

हरकऱ्यांनी जाळीचं दार उघडलं. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. "काय काम काढलं?"

येताना जुळवलेलं सगळं भाषण प्रेमानंद विसरले. "तो वेल," ते म्हणाले.

"पुन्हा आला का तुमच्या हद्दीत? उद्या सिमेंट करतो आहे. तुमची तक्रार कायमची मिटवून टाकतो."

"तक्रार नाई. सिमेंट करू नका, म्हणायले आलो."

"तुम्हीच कापला, आणि आता तुम्हीच..."

"चुकलं माझं, हरकरे साहेब."

हरकरे भांडायच्या पूर्ण तयारीत होते आणि समोरच्याने चूक कबूल केल्यावर पुढे काय करायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी दार पूर्ण उघडलं. प्रेमानंद आत जाऊन खुर्चीच्या काठावर बसले आणि जसं ऐकलं तसं सांगत गेले. कंदाचं सांगितलं, फुलांचं सांगितलं, आपण वांझ म्हणून उपटला तेही सांगितलं. अर्धी काटवलं इकडे यायची, हे आलं तेव्हा हरकऱ्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. यमुताई तिथे पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"ते काटवल ह्यांच्याकडचं?"

"हो," यमुताई म्हणाल्या.

"दर वर्षीचं?"

"दर वर्षीचं."

"आणि मी म्हणायचो, बाजारात आजकाल फार चांगलं काटवल येऊन राहिलं." हरकरे समोरच्या खुर्चीत बसले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "मागच्या वर्षी नाही केलं तू."

"मागच्या वर्षी अंजनाबाई दवाखान्यात होत्या ना."

हरकरे प्रेमानंदांकडे वळले.

"त्या गेल्या तेव्हा मी आलो होतो," हरकरे म्हणाले. "फाटकापाशी थांबलो. आत यावं की नाही, काही समजलं नाही."

"पाह्यलं होतं मी. या म्हणायले पायजे होतं मले."

"उद्याच्या माणसाला नाही म्हणतो मी," हरकरे म्हणाले. आणि प्रेमानंद उठून दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून विचारलं, "आणि त्या पाईपाचं?"

"पाईपाचं मंग पाहू," प्रेमानंद म्हणाले. माणसाने एका दिवसात किती नमावं ह्यालाही सीमा असते.

नराला फुलायला सप्टेंबर उजाडला. यमुताईंचे गुडघे दुखत होते, त्यामुळे बादलीवर चढायचं काम हरकऱ्यांकडे आलं. त्या खाली उभ्या राहून हुकूम सोडायच्या. पहिल्या संध्याकाळी हरकऱ्यांनी भिंतीवरून एक पिवळं फूल चिमटीत धरून असं पुढे केलं, जसं काही फाटकी नोट बदलून देत आहेत. प्रेमानंदांनी ते घेतलं, पाकळ्या मागे केल्या आणि पहिल्या मादी फुलावर फिरवलं.

"घासू नका, भाऊ! नुसतं टेकवा!" पलीकडून यमुताई ओरडल्या. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण त्यांचा अंदाज बरोबर होता.

फुलांना मंद वास होता. इतकी वर्षं ह्या घरात राहून प्रेमानंदांना तो माहीत नव्हता. अंजनाबाईंच्या हाताला संध्याकाळी चहा देताना कसलासा वास यायचा, तो हाच. त्यांना त्या क्षणी तिची अशी काही आठवण आली की फूल हातात धरून ते नुसतेच उभे राहिले.

"झालं का?" हरकऱ्यांनी वरून विचारलं.

"होऊन राहिलं," प्रेमानंद म्हणाले आणि पुढच्या फुलाकडे वळले.

ह्या वेळी काटवलं गळाली नाहीत. नखाएवढी झाली, अंगठ्याएवढी झाली. फार नव्हती. उशीर झाला होता आणि दोन्ही पाखरं नवशिकी होती. स्मृतिदिनाच्या सकाळी प्रेमानंदांनी स्वतः ती तोडली, तेव्हा एक सूप कसंबसं झाकलं गेलं. धम्मदीपने मार्केटातूनही आणून ठेवली होती, न सांगता. त्याच्यावर कोणी रागावलं नाही. पाहुणे पुष्कळ होते. फक्त दीप्तीने दोन्ही भाज्या वेगवेगळ्या कढयांत टाकल्या.

त्याआधी प्रेमानंदांनी सुपातली अर्धी काटवलं एका पातेल्यात काढली.

"बाबा, आधीच एवढीशी हाय. अर्धी काहून काढून राहिले?"

"अर्धी तिकडचीच हाय," ते म्हणाले.

पातेलं भिंतीवरून गेलं. सूत्रपठणाच्या वेळेला हरकरे आणि यमुताई फाटकातून आले. प्रेमानंद पुढे होऊन या म्हणाले, आणि हरकरे आत येऊन सतरंजीवर बसले, अंजनाबाईंच्या फोटोसमोर. पठण संपलं. भन्तेजींच्या ताटात घरच्या वेलाची भाजी प्रेमानंदांनी आपल्या हाताने वाढली. मग बाकीच्यांना पुरवून पुरवून वाढली. स्वतःच्या ताटात एकच फोड आली. ती त्यांनी शेवटपर्यंत ठेवली आणि मग खाल्ली.

जेवणं आटोपल्यावर दोघे म्हातारे मागच्या पायरीवर येऊन बसले. अंगण मोकळं होतं. भिंतीवर आता दोन्हीकडचे वेल चढून एकमेकांत गुंतले होते आणि कोणतं पान कोणाचं, हे टेप लावूनही सांगता आलं नसतं. पलीकडे हरकऱ्यांचा पाईप तसाच इकडे तोंड करून होता.

"रामटेके," हरकरे म्हणाले, "मी एक विचार केला आहे. हिवाळ्यात वेल वाळला की मी तो कंद काढून देतो तुम्हाला. वहिनींचाच आहे तो. तुमच्या अंगणात लावा, मादीच्या बाजूला. म्हणजे मला रोज बादलीवर चढायला नको आणि तुम्हाला माझी वाट पाहायला नको."

प्रेमानंदांनी भिंतीकडे पाहिलं. घरात दीप्ती चहासाठी हाक मारत होती.

"नाई," ते म्हणाले. "तुमच्याकडंच असू द्या. आमच्या घरी राह्यला तर मी पुन्हा उपटीन."